मामाची पोरगी, बिबट्या आणि एफवायचा पेपर

"बाई, ह्या पोरीला कॉलेजात शिकवत्यात तरी काय? सकाळधरनं घोकतीया, विवाह म्हंजे काय, कुटुंब म्हंजे काय, आप्तसंबंध म्हंजे काय. आवं, लगीन म्हंजे काय हे पुस्तकात बघायची पाळी यावी व्हय बाईमाणसावर?"

आक्का मेथीची जुडी घेऊन कुंपणाशी आल्या की जुडी निवडून होईपर्यंत हलत नाहीत. आमच्या दोन परसांमध्ये तारेचं कुंपण आहे. शेवगा माझ्या बाजूला असला तरी शेंगा नेमक्या त्यांच्या बाजूला लागतात. मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणून नातीच्या अभ्यासाची जबाबदारी माझ्यावर, असं आक्कांनीच परस्पर ठरवून टाकलंय. नात एफवायला आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र दोन्ही घेतलंय, आणि मानवशास्त्राचं एक प्रकरण मध्येच कुठंतरी येतं.

"लग्नावरच तर ते प्रकरण उभं आहे, आक्का. तुम्ही सासूला काय म्हणून हाक मारायचात?"

"आत्या."

"त्या तुमच्या आत्या होत्या?"

"न्हाई वो. लांबच्या बी न्हवत्या. पर समदी तसंच म्हणत्यात. सासऱ्याला मामा, सासूला आत्या."

"पण का?"

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी वर्षं मी पगार कशाचा घेतला हेच त्यांना कळेना. "मामाची पोरगी करायची रीत हाये म्हून. मग सासू कोण लागली? बापाची भन. आत्याच की!"

पायरीवर बसलेल्या नातीनं वही उघडली. "थांब आज्जी, लिहून घेते."

हे एवढं समजावून सांगायला मला वर्गात दोन तास लागायचे. फळ्यावर त्रिकोण, गोल, रेघा. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात देशाचे पट्टे पाडून दाखवले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत मामाची मुलगी चालतेच, काही जातींत सख्ख्या मामाशीही भाचीचं लग्न लागतं. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. इथं मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी सून म्हणून आणायला पुष्कळ जातींत नको म्हणतात.

"नकोच! दिलेली लेक म्हंजे वेल. त्यो म्होरं जावा. तिची पोरगी फिरून आपल्याच घरात आली, तर वेल मागं वळला न्हाई का?"

शास्त्रात हेच जरा रुक्षपणे सांगतात. मुलगी देणारं घर खालच्या पायरीवर, घेणारं वरच्या. मामाच्या घरानं एकदा दिली, परत दिली, तरी पायऱ्या तशाच राहतात. उलट दिशेनं मुलगी आली की मानपानाचा सगळा हिशोब उलटा होतो. आक्कांचा वेल मला जास्त पटतो, पण पेपरात पायऱ्याच लिहाव्या लागतील.

"ही कर्वेबाई कुठली म्हणायची?"

"जन्म ब्रह्मदेशातला, १९०५चा. तिथल्या नदीवरून नाव ठेवलं, इरावती. पुण्यात शिकल्या, मग पीएचडीला बर्लिनला गेल्या. तिथं त्यांना कवट्या मोजायला दिल्या."

"कवट्या? माणसांच्या?"

"माणसांच्याच. तिथल्या प्राध्यापकाला वंशावंशांतला उच्चनीचपणा हाडांवरून सिद्ध करायचा होता. बाईंनी मोजून सांगितलं, असला काही फरक दिसत नाही."

"मास्तराला? तोंडावर?"

"प्रबंधातच लिहून दिलं."

आक्कांनी मेथीची काडी बाजूला टाकली आणि नातीकडे वळून म्हणाल्या, "हे लिव. हे बाकीच्यापरास महत्त्वाचं हाये." मला तेच म्हणायचं होतं. पुढं १९३९ साली कर्वेबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि आयुष्यभर गावोगाव हिंडल्या. लोकांना त्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' माहीत असतं. पण त्या हिंडण्याशिवाय 'युगान्त' झालं असतं असं मला वाटत नाही.

"रीतीचं जाऊ द्या," आक्का म्हणाल्या, "आता मामाची न्हाई न् कुणाचीच न्हाई. त्या पलीकडच्या वस्तीवरचं पोरगं बघा. आठ एकर बागायत, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात जर्शी गाया. तिशी उलटली, पोरगी मिळंना. मी म्हणते, पोरगंच खालमानी हाये. चार माणसांत बोलत न्हाई. कोण देणार?"

"आणि त्याचा चुलतभाऊ?"

"त्यो? त्यो लई बोलतो. त्याचंच नडलंय."

नात हसली. मी म्हटलं, हस, पण हाही तुझ्या पेपरातलाच प्रश्न आहे, फक्त मानसशास्त्राच्या. दुसऱ्याचं काही बिनसलं की आपण त्याच्या स्वभावात कारण शोधतो. आपलं बिनसलं की परिस्थितीकडे बोट दाखवतो. ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली यातल्या पहिल्या खोडीला नाव दिलं, मूलभूत गुणारोपण दोष. नाव भीतीदायक आहे, खोड घरगुती. न बोलणाऱ्याचं लग्न न बोलल्यानं अडलं आणि बोलणाऱ्याचं बोलल्यानं, असं ज्याला एकाच श्वासात म्हणता येतं त्यानं जरा थांबून गावातली अशी पोरं मोजावीत.

"मोजली की! आमच्या भावकीत पाच हायेत."

"मग पाचही जणांचा स्वभाव वाईट?"

आक्का पहिल्यांदाच गप्प बसल्या.

राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली लिहिलं, की लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब बघा. पण पाच कोटींतले दीड कोटी बेकार असतील तर माणसाकडे बघून उत्तर सापडणार नाही, व्यवस्थेकडे बघावं लागेल. याला तो समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती म्हणतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं अमेरिकेतली बेकारीच लिहून मोकळी होतात. कशाला? डिसेंबर २०२२मध्ये शेजारच्या सोलापुरात बिनलग्नाची पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली होती. आम्हाला मुलगी मिळवून द्या आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही मागणी. लोक टीव्हीवर बघून हसले. मला तो मोर्चा मिल्सच्या पुस्तकापेक्षा भारी वाटला. घरात तोंड लपवून बसायची गोष्ट त्या पोरांनी कचेरीच्या दारात नेऊन ठेवली.

महाराष्ट्रात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ला ८९४. २००१ला जी पोरं पाळण्यात होती, ती आता बाशिंग बांधायच्या वयाला आली आहेत. हा झाला एक भाग. दुसरा भाग आक्कांनाच विचारला.

"नात शेतकऱ्याच्या घरात द्याल?"

"छ्या! ही शिकलीया. उन्हात खुरपणी करील व्हय? पुण्यात नोकरीवाला बघायचा. न्हाईतर इथं एमआयडीसीत तरी."

"आठ एकर बागायत असली तरी?"

"आमच्या येळंला आई म्हणायची, पाण्याखालच्या गावात पोरगी द्यावी. तवा पाणी बघायचे. आता पगार बघत्यात."

आमच्या बारामती तालुक्यातला अख्खा समाज त्या दोन वाक्यांत आला. नीरेचा डावा कालवा १८८५चा. कालव्याखालच्या गावांत ऊस आला, गूळ आला, पुढं साखर कारखाने आले. वरच्या अंगाला सुपे-मोरगावकडचा पट्टा जिरायती राहिला, पावसाच्या भरवशावर. एकाच तालुक्यात दोन जगं, आणि सोयरीक करताना सगळ्यांना ती नेमकी ठाऊक. शंभर वर्षं कालव्यानं ठरवलं कोणाच्या घरात मुलगी द्यायची. आता महिन्याच्या एक तारखेला बँकेत काय जमा होतं ते ठरवतं. आक्का पाच पोरांना नावं ठेवतात आणि सहाव्याला स्वतःची नात देत नाहीत. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. शेजार टिकवायचा असतो.

"ते ऱ्हाऊ द्या. बिबट्याचं कळलं का?" आक्कांनी विषय बदलला. "परवा मोबाइलवर आलंय, उसात बिबट्या. कालपासनं धार काढायला कुणी एकटं जात न्हाई. वरच्या वस्तीवर कुत्रं न्हेलं म्हणत्यात. कुणी म्हणतं दोन हायेत. आज दूधवाला म्हणला, पिल्लं बी हायेत."

"पाहिला कोणी?"

"समद्यांनी ऐकलाय."

उसात बिबट्या असतो, जुन्नरकडे तर त्यानं उसालाच जंगल मानलंय. म्हणून मी थट्टा केली नाही, आणि नातीला अंधारात परसात जाऊ नको असंही सांगितलं. पण आपल्याकडे इंदापूरच्या अंगाला कडबनवाडीचा माळ आहे, चिंकारा आहेत, लांडगे आहेत, तरस फिरतो. संध्याकाळच्या उजेडात चार पायांचं काहीही बिबट्या होऊ शकतं. परवा एक, काल दोन, आज पिल्लं. बिबट्याची वीण इतकी भरभर होत नाही, अफवेची होते.

यावर एक जुनी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच देशातली आहे हे पोरांना कोणी सांगत नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारात मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. गंमत अशी, की ज्या भागात हादरा बसला पण पडझड झाली नाही, तिथं अफवा भयंकर. आता पूर येणार, वादळ येणार, अमुक दिवशी प्रलय होणार. घाबरलेल्या माणसाला धीर देणाऱ्या बातम्या हव्यात ना? मग हे लोक आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवत होते? अमेरिकेत लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं हा अभ्यास वाचला आणि त्याला वाटलं, ही अफवा भीती वाढवायला नाही, आधीच बसलेल्या भीतीला कारण पुरवायला आहे. घर तर शाबूत आहे, मग छाती का धडधडते? काहीतरी येणारच असेल! मन आणि समोरची परिस्थिती यांचा मेळ बसेना की माणूस काहीतरी मानून तो बसवतो. त्यातून त्याचं बोधात्मक विसंवादाचं पुस्तक १९५७ साली आलं.

"म्हंजे आम्ही भ्यालो म्हून बिबट्या आला?"

"बिबट्या आला असेल. पिल्लं मात्र तुम्ही भ्यालात म्हणून झाली."

"तुमचं आपलं कायतरीच!" पण आक्का हसल्या. नातीनं पिल्लांचं वाक्य लिहून घेतलं. परीक्षकाला आवडेल की नाही, सांगता येत नाही.

मग पालखीचा विषय निघाला. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामाला असते, दुसऱ्या दिवशी काटेवाडीवरून इंदापूरकडे निघते. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, मेंढरं पालखीभोवती धावतात. पुढं बेलवाडीला गोल रिंगण, मग इंदापुरात. आक्का दरवर्षी बेलवाडीपर्यंत जातात.

"घोडा सुटला की अंगावर काटा येतो बघा. कोण कुठला, कायबी आठवत न्हाई. शेजारची बाई ओळखीची असो नसो, दोघी नाचतो."

एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ साली यालाच सामूहिक उन्माद की उत्साह, असं काहीसं म्हटलं. माणसं एकत्र येऊन एकच गोष्ट एकाच तालात करायला लागली, की त्यांना आपल्यापेक्षा मोठं काहीतरी जाणवतं. समाज स्वतःचीच पूजा करतो, आणि त्याला देव म्हणतो. हे त्यानं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवरून लिहिलं, पॅरिसात बसून.

"बघायला गेला न्हवता?"

"नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून."

"मग आमचा बिबट्या काय वाईट होता?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ मात्र गेला होता, हे मी सांगून टाकलं. पहिल्या महायुद्धात तो तिकडे अडकला, ट्रोब्रिआंड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला. तेव्हापासून सहभागी निरीक्षण हा मानवशास्त्राचा धर्म झाला. "पाव्हना लांबला म्हणायचा," असा आक्कांनी त्याचा निकाल लावला.

इरावतीबाईही वारीत चालल्या. त्यांच्या त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर १९६२ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आलं आणि व्हिक्टर टर्नर या मोठ्या मानवशास्त्रज्ञानं ते उचललं. यात्रेत लहानथोर भेद गळून पडतात, सगळे सारखे होतात, हा त्याचा सिद्धान्त. पण बाईंनी जे पाहिलं ते एवढं गोड नव्हतं. वाट एक, अभंग एक, आणि जेवताना ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. ते त्यांना टोचलं, त्यांनी तसं लिहिलं. माझ्या मते वारीवरचा खरा धडा त्या पंगतीत आहे, टर्नरच्या सिद्धान्तात नाही. रिंगणात भेद विसरतात हे खरंच, आणि तासाभरानं पानावर बसताना आठवतात हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच दिवशी, त्याच माणसांत.

"आता तसं न्हाई ऱ्हायलं."

"अजिबात?"

"म्हंजे..." आक्कांनी मेथी झटकली. "दिंडी ज्याची त्याची असतीच की."

काटेवाडीच्या मेंढ्यांवरून मला झोंटहायमर आठवला. गुंथर झोंटहायमर हा जर्मन माणूस धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडला, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या ओव्या त्यानं ऐकल्या, जपल्या. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. लोक सवतींची भांडणं म्हणून ऐकतात. झोंटहायमरसारख्या अभ्यासकांनी त्यात वस्तीचं बाजारपेठेचं जग आणि रानातलं मेंढपाळांचं जग एका देवाच्या घरात नांदताना बघितलं. आक्कांना यात फक्त एवढंच म्हणायचं होतं, की म्हाळसेचं डोकं तापायचं ते बरोबरच होतं.

नातीला एक छोटा प्रकल्पही करायचा होता, विषय सुचत नव्हता. मी म्हटलं, आपल्या आळीतल्या गप्पांवर कर. ती म्हणाली, काकू, मार्क देतील का? न द्यायला काय झालं? मॅक्स ग्लुकमन नावाच्या मानवशास्त्रज्ञानं १९६३ साली कुचाळक्यांवर आख्खा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, कुणाविषयी कुजबुजायचा हक्क हा त्या समाजातला असल्याचा दाखला असतो. परक्याला तो मिळत नाही.

"ते बरोबर. त्या नव्या बंगल्यातल्या बाई कवाधरनं विचारत्यात, कुणाचं काय चाललंय. कुणी सांगत न्हाई. आजा-पणजा ठाऊक न्हाई, त्याला काय सांगायचं?"

आक्कांचं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवकडचं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं चढलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच ओसरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, आणि लोक होडीत बसून बघायला जातात. आक्का एकदाच गेल्या. देवळाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. "नव्या गावठाणात आईच्या शेजारी दुसऱ्याच आळीची माणसं आली," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, घर मिळालं, पर बोलाय कोन न्हाई. सांगायची सुरवात कुठनं करायची? पहिल्यापासनं समजवत बसावं लागायचं." पुनर्वसनावरचे अहवाल मी पुष्कळ वाचले. त्यांत एकर, भूखंड आणि मोबदला असतो. दोन बायकांना अर्ध्या वाक्यात समजणारी जी गोष्ट तुटली, तिला रकाना नसतो.

"तुमच्या त्या लोकांनी आपल्याकडं कवा येऊन अभ्यास केलाय का? का समदं परदेशातलंच?"

"केलाय की. डॉनल्ड ॲटवूड. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाचा. नीरेच्या बागायती पट्ट्यात येऊन राहिला, जमिनीची जुनी दप्तरं आणि नवी ताडून पाहिली, १९२० ते १९७०, पन्नास वर्षांची. सगळ्यांना वाटायचं, उसानं मोठा बागायतदार आणखी मोठा झाला असणार आणि गरीब भुईसपाट. त्याला तसं सरळ दिसलं नाही. बरीच गरीब घरं वर चढली, काही मोठी खाली घसरली. १९७९च्या लेखात त्यानं हे मांडलं, पुढं १९९२ला उसावर अख्खं पुस्तक लिहिलं. याला सामाजिक गतिशीलता म्हणायचं."

आक्कांची मेथी संपली होती, पण त्या हलल्या नाहीत. उलट कुंपणाच्या आणखी जवळ आल्या.

"म्हंजे कुणाची जमीन कुणाकडं गेली, समदं लिवलंय?"

"हो."

"मोठी घरं खाली आली, ती कुठली? नावं हायेत का?"

"नावं छापत नाहीत, आक्का. असल्या अभ्यासात माणसांची नावं बदलतात, कधी गावाचंही. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या एका गावाचा अभ्यास केला, तर गावालाच 'रामपुरा' म्हटलं."

"आन् मग? बिननावाचं वाचून करायचं काय?"

"नावाशिवाय वाचलं तरच दिसतं ना, की हे एका घराचं नाही, पट्ट्याचंच आहे."

आक्कांना हे मुळीच पटलं नाही. चव गेलेल्या भाजीसारखं तोंड करून त्यांनी निवडलेली मेथी पदरात घेतली. नातीनं मध्येच विचारलं, "आज्जी, मग प्रोजेक्टमध्ये तुझं नाव काय लिहू? बदलू?"

"माझं कशाला बदलतीस? खरंच लिव. समद्यांची बदल, पर माझं ठेव. उद्या कुणी वाचलं तर कळाय नको, बोलली कोण ते?"